सुईदोऱ्याचा आनंद आणि आपली शाळा



आपल्या प्राथमिक शाळांच्या वेळापत्रकात कार्यानुभवाच्या तासिका असतात. त्यांत शिवण, भरतकाम, विणकाम यांसारखी कामे घेता येतात, हेही आपणांस ठाऊक आहे. तथापि या तासिकांचा उपयोग पुष्कळ ठिकाणी दोनच प्रकारे होताना आढळतो. एक तर भाषेचा वा गणिताचा राहिलेला भाग त्या वेळी उरकला जातो. किंवा मुलांना ‘घरून काहीतरी करून आणा’ असे सांगण्यात येते, आणि वर्षाच्या शेवटी शाळेच्या टेबलावर रुमाल, तोरणे व पिशव्या मांडल्या जातात. त्या वस्तू नीट पाहिल्या तर त्यांत थोरल्या बहिणीचा वा आईचा हात स्पष्ट दिसतो. वस्तू सुरेख असते. पण ज्या मुलाच्या नावाची चिठ्ठी तिला लावलेली असते, ते मूल काही शिकलेले नसते. त्याहूनही वाईट म्हणजे, ज्या आनंदासाठी ही तासिका ठेविली तो आनंद त्याच्या वाट्याला आलेलाच नसतो.

हा आनंद म्हणजे नेमके काय, तो शिक्षणाच्या कामी कसा येतो, आणि आपल्या परिसरातील साधनांच्या बळावर तो प्रत्येक मुलापर्यंत कसा पोहोचविता येईल, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

१. हातकामातील आनंद कशात आहे?

पहिलीतील मूल पाटीवर ‘क’ काढते, तेव्हा तो बरोबर आहे की चूक, हे त्याला स्वतःला कळत नाही. गुरुजींनी वा बाईंनी सांगितले म्हणजे कळते. शाळेतील बहुतेक विषयांची हीच स्थिती आहे. बरोबर-चूक ठरविणारा कोणीतरी बाहेरचा असतो आणि त्याच्या हाती लाल शाई असते. सुईदोऱ्याच्या कामात तसे नसते. टाका वाकडा पडला तर तो मुलाला दिसतो. दोरा जास्त ओढला तर कापडाला चुण्या पडतात व बोटांना ते लगेच जाणवते. हातच्या काकणाला आरसा लागत नाही, असे आपण म्हणतो. हातच्या टाक्यालाही परीक्षक लागत नाही.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. टाका चुकला तर तो उसवता येतो. उसवणे हा शिवणकामाचाच एक भाग आहे. उत्तम कारागीरही उसवतो. कापड तेच राहते, दोराही बहुधा तोच पुन्हा वापरता येतो, आणि चुकीची खूण मागे राहत नाही. अभ्यासात मागे पडलेल्या, वहीवर लाल रेघा पाहून खचलेल्या मुलाला ‘चूक झाली तरी ती आपल्याच हाताने सुधारता येते’ हा अनुभव येथे प्रथम येतो. असा अनुभव आलेले मूल पुढे वजाबाकीच्या उदाहरणाकडेही निराळ्या धिटाईने पाहू लागते.

तिसरी गोष्ट म्हणजे काम वाढत जाताना दिसणे. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण तळ्यांच्या या मुलखात कोणाला समजावून सांगावयास नको. एकेक टाका क्षुल्लक असतो; त्याची ओळ होते, ओळीची वेल होते. काल कोठवर आलो होतो आणि आज कोठवर आलो, हे मूल बोट ठेवून दाखवू शकते. आणि चौथी गोष्ट ही की, काम पुरे झाले म्हणजे एक खरी, वापरावयाची वस्तू हाती राहते. तुटलेले बटण स्वतः लावलेला सदरा घालून शाळेत येणाऱ्या मुलाच्या चेहऱ्याकडे एकदा पाहावे. अधिक स्पष्टीकरणाची गरज राहणार नाही.

चूक स्वतःला दिसणे, ती स्वतः सुधारता येणे, वाढ डोळ्यांना दिसणे आणि शेवटी वस्तू हाती येणे, या चार गोष्टींतून हातकामाचा आनंद निर्माण होतो. यांपैकी एकही गोष्ट आईने करून दिलेल्या रुमालात मुलाला मिळत नाही. म्हणून काम वेडेवाकडे झाले तरी चालेल, पण ते मुलाच्याच हाताने व शाळेतच झाले पाहिजे, हा या विषयाचा पहिला नियम होय.

२. इटियाडोहच्या परिसरातील कारागिरी

‘आमच्या खेड्यात अशा कला कोठे आहेत?’ असा प्रश्न काही शिक्षक करतात. त्याचे उत्तर म्हणून अर्जुनी मोरगाव तालुक्यातील इटियाडोहचाच परिसर पाहू.

गाढवी नदीवरील इटियाडोह धरण पाटाच्या पाण्यासाठी व धानासाठी सर्वांना परिचित आहे. त्याच्याजवळ गोठणगाव येथे १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची ‘नोर्ग्येलिंग’ नावाची वसाहत आहे. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले व त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी लोक घरदार सोडून आले. त्यांतील काही कुटुंबे डोंगर-बर्फाच्या प्रदेशातून या झाडीपट्टीत येऊन स्थायिक झाली. भांडीकुंडी, शेते, गुरे मागे राहिली. बोटांतील कसब मात्र त्यांच्याबरोबर आले. लोकरीचे गालिचे विणण्याच्या कामामुळे या वसाहतीचे नाव आसपास झाले. हिवाळ्यात शहरोशहरी लोकरी कपडे विकणे हाही अशा वसाहतींतील लोकांचा व्यवसाय आहे.

तिबेटी गालिचा कसा विणतात, हे शिक्षकांनी समजून घेण्यासारखे आहे. माग उभा असतो. त्यावर सुताचे उभे धागे ताणून बांधलेले असतात. त्यांस ताणा म्हणतात. विणणारा मागासमोर बसतो. उभ्या धाग्यांवर एक बारीक सळई आडवी धरून तो रंगीत लोकर त्या धाग्यांभोवती व सळईभोवती गुंडाळीत जातो. नक्षीत रंग बदलला की लोकर बदलावयाची. एक ओळ पुरी झाली म्हणजे सळईवरील लोकरीचे फास सुरीने कापतात. सळई सुटते आणि लोकरीची टोके उभी राहतात. मग आडवा धागा, म्हणजे बाणा, घालून ओळ ठोकून घट्ट बसवितात. अशा ओळींवर ओळी चढत जातात. शेवटी कात्रीने नक्षीच्या कडा कोरून काढतात, त्यामुळे फुले व ढग उठून दिसतात. जगातील इतर पुष्कळ गालिच्यांत प्रत्येक गाठ सुटी बांधतात. सळईवर फास घेऊन ओळ एकदम कापणे ही तिबेटी पद्धतीची खूण आहे.

दुसरे उदाहरण याच जलाशयाच्या काठचे. आपल्याकडील ढिवर समाजाच्या घरी मासेमारीचे जाळे असते. आज नायलॉनचे तयार जाळे बाजारात मिळते. परंतु फाटलेले जाळे सांधावयाचे झाले की हाताचेच काम. सर्व घरे सारख्या मापाची राहतील व ओढ बसली तरी गाठ सरकणार नाही, अशा रीतीने ते सांधणे ही उच्च प्रतीची धागाकला आहे. हे काम करणाऱ्या माणसाला आपण कलावंत म्हणत नाही आणि त्याच्या मुलाला वर्गात ‘तुझ्या बाबांना काय येते?’ असे विचारीत नाही, ही उणीव आपली आहे.

तिसरे उदाहरण कोशाचे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांच्या जंगलांत ऐन व अर्जुन ही झाडे विपुल आहेत. टसर रेशमाचा किडा यांच्याच पानांवर जगतो व फांदीला देठाने लोंबणारा कठीण कोश विणतो. त्या कोशातून धागा काढून हातमागावर विणलेले कोशाचे कापड हे वैनगंगेच्या खोऱ्याचे जुने वैभव होय. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोष्टी विणकरांच्या या कामासाठी प्रसिद्ध आहे. विदर्भातील करवती काठाच्या साडीस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तिच्या काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. काठांसाठी व मधल्या अंगासाठी वेगवेगळे धोटे, असे तीन धोटे चालवून काठाचा धागा व अंगाचा धागा एकमेकांत अडकवीत हे दात साधले जातात. दातांची संख्या व माप चुकू नये म्हणून विणकराला सतत मोजत राहावे लागते. त्याची मोजणी कागदावर नसते, हातात असते.

आणि चौथे उदाहरण प्रत्येक घरातले, ते म्हणजे गोधडी. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी ज्या घरात नाही असे घर आपल्या खेड्यांत क्वचितच सापडेल. ती शिवणारी आजी शाळेपासून हाकेच्या अंतरावर असते.

३. बुनियादी शिक्षणाने दिलेला धडा

हातकामातून शिक्षण हा विचार आपल्या विदर्भाला परका नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि त्यातून बुनियादी शिक्षणाची योजना पुढे आली. १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालिमी संघ स्थापन झाला व सेवाग्राम हे या प्रयोगाचे केंद्र बनले. एखादा उत्पादक हस्तव्यवसाय, विशेषतः कताई व विणकाम, केंद्रस्थानी ठेवावयाचा आणि भाषा, गणित, भूगोल यांचे ज्ञान त्याच्याशी जोडून द्यावयाचे, अशी ती कल्पना होती.

योजनेत एक वादाचा मुद्दाही होता. मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, असे गांधीजींना वाटत होते. यामुळे शाळेचा कारखाना होईल अशी टीका त्या काळीच झाली. खुद्द झाकिर हुसेन समितीनेही आपल्या अहवालात सावधगिरीची सूचना दिली होती. आर्थिक बाजूवर अति भर दिला तर शिक्षणाचा व संस्कृतीचा हेतू बाजूला पडण्याचा धोका आहे, असे तिचे म्हणणे होते. पुढे पुष्कळ शाळांत सूत किती निघाले याची नोंद राहिली, पण मूल काय शिकले याची राहिली नाही. आणि टकळी हळूहळू कपाटात गेली.

या इतिहासातून आपण दोन बोध घ्यावयास हवेत. पहिला असा की, मुलाच्या कामाचे मोल उत्पन्नात मोजू नये. आपल्या देशात गालिच्यांच्या धंद्यात लहान मुलांना तासन्‌तास राबविण्याचा काळा इतिहास आहे. म्हणूनच १९८६ च्या बालकामगार कायद्याने मुलांना ज्या कामांवर ठेवण्यास मनाई केली, त्यांत गालिचा विणण्याच्या कामाचा स्पष्ट उल्लेख होता. तेच बोट, तोच धागा; पण एका ठिकाणी बालपण हिरावले जाते व दुसऱ्या ठिकाणी फुलते. मूल थांबू शकते की नाही, उसवू शकते की नाही आणि केलेली वस्तू त्याची स्वतःची होते की नाही, यावरून हा फरक ओळखावा. दुसरा बोध असा की, शाळेत विक्रीचा हिशेब गेला आणि त्याच्या जागी प्रदर्शनाचा हिशेब आला, तरी दोष तोच राहतो. वस्तू मोठी होते व मूल लहान होते.

इतर देशांचाही दाखला घेण्यासारखा आहे. बालोद्यानाचा जनक फ्रोबेल याने लहान मुलांच्या उद्योगांत कागदाची विणकामे व पुठ्ठ्यावर छिद्रांतून दोरा ओवण्याचे काम ठेविले होते. फिनलंडमध्ये १८६६ पासून हस्तव्यवसाय हा लोकशाळांचा आवश्यक विषय झाला. तेथे आजही तो मुलगे व मुली यांना एकत्र शिकविला जातो. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले असून त्या काळात स्थानिक कारागिरांकडून शिकावे असे म्हटले आहे. प्राथमिक शाळेने पाया घातला असेल, तरच त्या दहा दिवसांचे सार्थक होईल.

४. कोणत्या इयत्तेत काय घ्यावे?

पहिली व दुसरी : या वयात टोकदार सुई देऊ नये. जुन्या पुठ्ठ्यावर पान, मासा, घर असे सोपे आकार काढून शिक्षकांनी त्यांच्या कडेने अर्ध्या-अर्ध्या इंचावर छिद्रे पाडून द्यावी. बुटाची जुनी नाडी घेऊन मुलांनी ती वर-खाली ओवीत न्यावी. हाच पुढे धावदोरा होतो. तीन पदरांची वेणी घालणे, अंबाडीच्या वाखाची दोरी वळणे, रंगीत कागदाच्या पट्ट्यांची चटई विणणे ही कामेही याच वयाची. दोरी वळताना दोन पदर एका दिशेने पिळून उलट दिशेने एकमेकांवर गुंडाळले की ती उलगडत नाही. हे मुलांना सांगू नये. त्यांना ते करून पाहू द्यावे.

तिसरी व चौथी : आता बोथट टोकाची, मोठ्या नाकाची लोकरीची सुई द्यावी. कापड म्हणून धानाच्या तागाच्या पोत्यासारखे दुसरे उत्तम साधन नाही. त्याचे उभे-आडवे धागे जाड व सुटे असल्याने मुलांना मोजता येतात आणि फुलीचा टाका त्यावर सरळ बसतो. पोते अगोदर धुऊन वाळवून घ्यावे. पोत्यावर हात बसला की दसुती कापड घ्यावे. धावदोरा, टीप व फुली हे तीन टाके या दोन वर्षांत पुरेसे आहेत. बटण लावणे प्रत्येक मुलाला आलेच पाहिजे.

पाचवी व त्यापुढे : आता साधी सुई, साधे कापड. साखळी टाका, काज्याचा टाका व दुमडलेल्या कडेची तुरपाई ही कामे घ्यावी. याच वर्षी वर्गाची एक गोधडी करावी. प्रत्येक मुलाने घरच्या जुन्या कपड्याचा वीतभर चौकोन आणावा, त्यावर आपल्या मनाची नक्षी भरावी, आणि सर्व चौकोन जोडून गावातील एखाद्या आजीच्या मार्गदर्शनाखाली गोधडी शिवावी. ती शाळेतच ठेवावी. आजारी पडलेल्या मुलाला पांघरावयास ती उपयोगी पडते.

५. साधने व दक्षता

खर्चाचा प्रश्न मोठा नाही. शिंप्याच्या दुकानातील चिंध्या, उसवलेल्या जुन्या स्वेटराची लोकर, पोती व पुठ्ठे एवढ्यावर वर्ष निघते. सुया व दोरा यांपुरती तरतूद शाळा व्यवस्थापन समितीशी बोलून करता येते.

काही लहान गोष्टींकडे लक्ष दिल्यास पुष्कळ त्रास वाचतो. दोरा मुलाच्या बोटांपासून कोपराच्या थोडा वरपर्यंत येईल एवढाच घ्यावा. लांब दोरा घेतला की गुंता होतो, आणि मूल कंटाळते ते कामाला नव्हे, गुंत्याला. सुया मोजून द्याव्या व मोजून परत घ्याव्या. लोहचुंबकाचा एक तुकडा जवळ ठेवला तर खाली पडलेली सुई लगेच सापडते. काम दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ वा व्हरांड्यात करावे. दोन तासिका सलग जोडून घ्याव्या, कारण साहित्य काढण्यात व आवरण्यातच एक तासिका संपते.

डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताने शिवावयास लावू नये. शिक्षक उजव्या हाताने काम करीत असतील तर अशा मुलाला शेजारी न बसविता समोरासमोर बसवावे. आरशात पाहिल्याप्रमाणे पाहत ते सहज शिकते.

६. इतर विषयांशी सांगड

सांगड ओढून-ताणून घालू नये. कामातून प्रश्न आपोआप उपस्थित होतात, ते ओळखावे. तीन उदाहरणे देतो.

दहा फुल्या लांब व दहा फुल्या रुंद असा चौकोन भरावयाचा आहे. त्याच्या नुसत्या कडेला किती फुल्या लागतील? बहुतेक मुले चाळीस म्हणतील. शिवून मोजल्यावर छत्तीसच भरतात. चार कोपऱ्यांतील फुल्या दोनदा मोजल्या गेल्या होत्या, हे मूल स्वतः शोधून काढते, आणि ते त्याच्या कायमचे लक्षात राहते.

गोल पुठ्ठ्याच्या कडेला खाचा पाडून, त्यांतून मध्याकडे दोरे ताणून एक लहान माग करता येतो. मध्यापासून लोकर एका दोऱ्याच्या वरून व दुसऱ्याच्या खालून अशी फिरवीत जावयाची. दोऱ्यांची संख्या आठ असेल तर दुसऱ्या फेरीत लोकर पुन्हा त्याच दोऱ्यांच्या वरून जाते आणि वीण धरत नाही. नऊ असेल तर आपोआप उलट-सुलट होऊन वीण घट्ट बसते. अर्ध्या वर्गाला आठ दोऱ्यांचे व अर्ध्याला नऊ दोऱ्यांचे माग द्यावे आणि काय घडते ते गप्प राहून पाहावे. सम व विषम संख्यांचा यापेक्षा जिवंत पाठ फळ्यावर होणे कठीण.

तिसरे उदाहरण गालिच्याचे. समजा, एका चौरस इंचात ६० गाठी बसतात. तीन फूट रुंद व सहा फूट लांब गालिच्याचे क्षेत्रफळ ३६ गुणिले ७२, म्हणजे २,५९२ चौरस इंच होईल आणि त्यात १,५५,५२० गाठी लागतील. समजा, एक कारागीर दिवसाला ६,००० गाठी घालतो. तर त्याला जवळजवळ सव्वीस दिवस लागतील. हे उदाहरण सोडविलेले मूल पुन्हा कधी हाताने विणलेल्या वस्तूची किंमत ऐकून ‘एवढे महाग?’ असे विचार न करता म्हणणार नाही. गुणाकाराबरोबर श्रमाची किंमतही ते शिकलेले असेल.

७. मुलगे आणि मुली

‘मुलींनी भरतकाम व मुलांनी बागकाम’ अशी वाटणी काही शाळांत अजून दिसते. तिला आपल्या परिसरातीलच वस्तुस्थितीचा आधार नाही. कोष्ट्याच्या घरी माग पुरुष चालवितो. गावचा शिंपी पुरुष असतो. जाळे सांधणारा ढिवर पुरुष असतो. तिबेटी मठांत रेशमी कापडाचे तुकडे जोडून केलेली भव्य धर्मचित्रे शिवणारे कारागीरही परंपरेने पुरुषच होते. पैसे मिळविण्याची वेळ आली की सुई पुरुषाच्या हाती जाते, आणि फुकट काम करावयाचे असेल तेव्हाच ती बायकांची ठरते, ही विसंगती मुलांपुढे मोकळेपणाने मांडावी. तासिकेत मात्र सर्वांना एकच काम द्यावे. आपला फाटलेला सदरा आपण शिवू शकणारा मुलगा उद्या घरातील कष्टांकडे अधिक जाणतेपणाने पाहील.

८. कारागिरांना शाळेत आणणे

महिन्यातून एकदा गावातील एका कारागिराला वर्गात बोलवावे. गोधडी शिवणाऱ्या आजी, जाळे सांधणारे काका, शिंपीमामा, जे कोणी असतील ते. त्यांना भाषण करावयास सांगू नये. त्यांनी आपले काम करावे व मुलांनी भोवती बसून पाहावे, विचारावे, हात लावून पाहावा. त्यांना खुर्ची द्यावी आणि शिक्षकांनी स्वतः त्यांच्याकडून एक तरी टाका शिकावा. ज्या बाईने आयुष्यात शाळेची पायरी चढली नाही, तिच्यासमोर आपले गुरुजी शिकावयास बसले आहेत, हे दृश्य तिच्या नातवंडांना पुष्कळ काही सांगून जाते.

इटियाडोहच्या आसपासच्या शाळांना गोठणगावच्या वसाहतीची भेट काढता येईल. तत्पूर्वी वसाहतीच्या कार्यालयाशी बोलून, त्या दिवसांत विणकाम चालू आहे काय व येणे सोयीचे आहे काय, हे विचारून घ्यावे. हिवाळ्यात पुष्कळ मंडळी विक्रीसाठी बाहेरगावी असतात. आपण तमाशा पाहावयास नव्हे, तर शेजाऱ्यांकडे शिकावयास जात आहोत, हे मुलांना अगोदर समजावून सांगावे. मायदेश सोडावा लागलेल्या माणसांनी आपली कला कशी जपली, हा इतिहासाचा पाठ तेथे शब्दांवाचून मिळतो.

९. मूल्यमापन व प्रदर्शन

या विषयात एका मुलाच्या कामाची तुलना दुसऱ्या मुलाच्या कामाशी करू नये; त्याच मुलाच्या मागील कामाशी करावी. यासाठी प्रत्येकाचा एक कापडी नमुना-पट ठेवावा. वीतभर रुंदीच्या त्या पट्टीवर जूनपासून शिकलेला प्रत्येक टाका क्रमाने घातलेला असावा. पहिल्या ओळीतील वेडावाकडा धावदोरा आणि मार्चमधील नीट साखळी एकाच पट्टीवर शेजारी-शेजारी दिसतात. याहून प्रामाणिक प्रगतिपत्रक नाही.

प्रदर्शन अवश्य भरवावे. पण त्यात तयार वस्तूंबरोबर हे नमुना-पटही मांडावे, आणि मुलांनी पाहुण्यांसमोर प्रत्यक्ष काम करून दाखवावे. तपासणीस येणाऱ्या आम्हा अधिकाऱ्यांनीही सुरेख वस्तू पाहून शेरा लिहिण्याऐवजी, एखाद्या मुलाच्या हाती सुई देऊन ‘मला बटण कसे लावायचे ते दाखव’ असे म्हणावे. म्हणजे शाळांनाही योग्य तो संदेश जाईल.

आपल्यापैकी काहीजण म्हणतील की, वाचन-लेखनच मागे असताना हे लाड कशासाठी? शंका रास्त आहे. परंतु प्रत्येक वर्गात पाच-सहा मुले अशी असतात की, अक्षरांच्या वाटेवर ती वारंवार अडखळली आहेत व आपल्याला काहीच येत नाही अशी त्यांची समजूत झाली आहे. शाळा सोडून जाण्याची शक्यता सर्वाधिक आहे ती याच मुलांची. त्यांपैकी एखाद्याची बोटे विलक्षण चपळ निघतात. त्याचा टाका सर्वांत नीट येतो, शेजारची हुशार मुलगी त्याला ‘मला दाखव ना’ म्हणते, आणि त्या दिवशी वर्गातील त्याची जागा बदलते. आपल्याला काहीतरी येते, असे एकदा वाटलेले मूल उद्या पुन्हा शाळेत येते. शाळेत येत राहिले तर वाचावयासही शिकते.

येत्या आठवड्यात एवढेच करावे : प्रत्येक वर्गात एक धुतलेले पोते, काही लोकरीच्या सुया व थोडी जुनी लोकर ठेवावी, दोन तासिका जोडून घ्याव्या, आणि पहिला टाका शिक्षकांनी स्वतः घालावा. पुढचे टाके मुलांना घालू द्यावे.